वेड्या गाईचा पंचनामा

2000 सालाच्या आसपास इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एक छोटी ऑन्टॉलॉजी रचली गेली. विषय होता माणसं आणि त्यांचे पाळीव प्राणी. ऑन्टॉलॉजी रचायची म्हणजे एखाद्या विषयात कोणकोणते वर्ग आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे यंत्रालाही तर्क लढवता येईल इतक्या काटेकोर भाषेत लिहून काढायचं. या ऑन्टॉलॉजीत एक वर्ग होता ‘वेडी गाय’. त्याची व्याख्या अशी: मेंढीचा मेंदू खाणारी गाय ती वेडी गाय.

विद्यार्थ्यांना हा संदर्भ सांगावा लागला नसणार. गाईगुरांच्या मेंदूची चाळण करणारा ‘वेड्या गाईचा’ रोग ब्रिटनमध्येच 1986 साली ओळखला गेला होता आणि मेलेल्या जनावरांचं मांस व हाडं दळून केलेलं पशुखाद्य त्याला कारणीभूत ठरलं होतं.

बाकीची विधानंही साधीच होती. गाय शाकाहारी असते. शाकाहारी प्राणी दुसऱ्या प्राण्याला खात नाही, प्राण्याच्या शरीराचा भागही खात नाही. मेंढी हा प्राणी आहे. एकेक वाचत गेलं तर कुठेच खटकत नाही. पण तर्क तपासणारा ‘रीझनर’ नावाचा प्रोग्रॅम चालवला की तो थेट ‘वेडी गाय’ या वर्गावर बोट ठेवतो: या वर्गात एकही गाय कधीच बसू शकणार नाही. ज्या रोगापायी ब्रिटनमध्ये लाखो गुरं मारावी लागली, त्या रोगाची गाय तर्काच्या दरबारात असूच शकत नाही!

वर्ग नुसता रिता राहिला तर बाकीची ऑन्टॉलॉजी शाबूत असते. पण कुणी त्यात एक खरीखुरी गाय नोंदवली, की सगळा डोलारा विसंगत होतो आणि विसंगत विधानांतून वाटेल तो निष्कर्ष काढता येतो. म्हणून असे वर्ग आधीच हुडकून काढणं भाग असतं.

वर्गांच्या भांडणाची दखल आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी घेतली होती. ‘किरणावली’ या ग्रंथात त्यांनी जातीला बाधक अशा सहा गोष्टी सांगितल्या. इथे जात म्हणजे पदार्थांचा खरा, निसर्गसिद्ध वर्ग. सहा बाधकांपैकी एक म्हणजे संकर, वर्गांची सरमिसळ. पृथ्वी, जल, तेज, वायू ही चार द्रव्यं भूतही (पंचमहाभूतांपैकी) आहेत आणि मूर्तही (मर्यादित आकाराची). आकाश भूत आहे, पण मूर्त नाही. मन मूर्त आहे, पण भूत नाही. म्हणजे दोन वर्ग अर्धवट एकमेकांत घुसले, कोणताच दुसऱ्याच्या पोटात पुरता मावेना. नैयायिकांचा निवाडा असा की अशा वेळी वर्गाकडून जातीचा मान काढून घ्यायचा आणि त्याला नुसती उपाधी म्हणायचं. मँचेस्टरच्या रीझनरचं कुळ काही इथवर पोचत नाही, आणि दोन वर्ग एकमेकांत घुसले म्हणून तो तक्रारही करत नाही. तरीही वर्गाचा दर्जा बदलून भांडण मिटवायची ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रीझनरचं कुळ शोधायला नेदरलँड्सला जावं लागतं. तिथल्या एव्हर्ट बेथ या तर्कशास्त्रज्ञाने 1955 साली ‘टॅब्लो’ ही रीत मांडली. पुढे 1991 साली मान्फ्रेड श्मिट-शाउस आणि गेर्ट स्मोल्का या जर्मन संशोधकांनी त्याच धाटणीची रीत वर्गांच्या भाषेला लावली. कल्पना मोठी गमतीची आहे. वर्ग अशक्य आहे का, हे ठरवण्यासाठी त्यात एक काल्पनिक सदस्य घालायचा आणि त्याच्यावर लागू होणाऱ्या अटी एकेक करून उलगडायच्या. आपल्या काल्पनिक गाईने मेंढीचा मेंदू खाल्ला. तो मेंदू मेंढीचा भाग, मेंढी हा प्राणी, म्हणजे गाईने प्राण्याचा भाग खाल्ला. पण गाय शाकाहारी, म्हणजे तिने तो खाल्लेला नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ समोरासमोर आले, वाट बंद. सगळ्याच वाटा अशा बंद झाल्या तर वर्ग अशक्य. कागदावर हे सोपं दिसतं, पण मोठ्या ऑन्टॉलॉजीत वाटांना इतके फाटे फुटतात की संगणक गुदमरतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टरच्याच इयन हॉरॉक्स यांनी ‘फॅक्ट’ या रीझनरमधून ही रीत गॅलेनसारख्या अवाढव्य वैद्यकीय ऑन्टॉलॉजीवर चालवून दाखवली.

एवढं होऊनही रीझनर फक्त निकाल सांगत होता, कारण सांगत नव्हता. अशक्य वर्ग लाल रंगात दिसायचा आणि रचणारा डोकं धरून बसायचा. अॅमस्टरडॅममध्ये अतिदक्षता विभागासाठी वैद्यकीय संज्ञांचा कोश तयार होत होता. त्यावर काम करताना स्टेफान श्लोबाख आणि रोनाल्ड कॉर्नेट यांनी 2003 साली वेगळा प्रश्न विचारला: झगडा व्हायला कमीत कमी किती आणि कोणती विधानं पुरतात? त्यांतलं एक जरी काढलं तरी झगडा मिटावा, असा छोटा संच हाती लागला की बाकीची शेकडो विधानं बाजूला ठेवता येतात.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात आदित्य कल्याणपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक भेद केला: मूळचे दोषी वर्ग आणि त्यांच्यामुळे बाधलेले वर्ग. जीवशास्त्राच्या ‘टॅम्बिस’ ऑन्टॉलॉजीत शंभराहून अधिक वर्ग लाल झाले होते. मूळ दोषी निघाले जेमतेम तीन: धातू, अधातू आणि धातुसदृश. तिघे परस्परांहून वेगळे, असं एकीकडे लिहिलेलं आणि व्याख्या मात्र तिघांची एकच. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? बाकीचे कितीतरी वर्ग या तिघांवर टेकलेले असल्याने तेही रिते ठरले. एकेका लाल वर्गाची डागडुजी करत बसणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

गुन्हेगारांची यादी यंत्र देतं, शिक्षा कुणाला द्यायची हे मात्र विषयाच्या जाणकाराने ठरवायचं. वेड्या गाईच्या खटल्यात ‘मेंढी हा प्राणी आहे’ हे विधान खोडलं तरी तर्क समाधानी होईल, पण ते वेडगळपणाचं. खरा दोष ‘गाय शाकाहारी असते’ या विधानाचा आहे. आपण ते बोलतो तेव्हा ‘सहसा’ हा शब्द मनात धरलेला असतो. ऑन्टॉलॉजीच्या भाषांना ‘सहसा’ कळत नाही, त्यांच्या लेखी प्रत्येक गाय, कोणत्याही परिस्थितीत, शाकाहारीच. काही झगडे असे एक विधान सैल करून मिटतात, काही मात्र वर्गाचा दर्जा बदलूनच. इटलीचे निकोला ग्वारिनो आणि अमेरिकेचे ख्रिस्तोफर वेल्टी यांनी 2000 च्या सुमारास मांडलेली ‘ऑन्टोक्लीन’ पद्धत वर्गांचा हा दर्जाच तपासते. विद्यार्थी ही माणसाची काही काळापुरती भूमिका आहे, म्हणून ‘माणूस’ हा वर्ग ‘विद्यार्थी’ वर्गाच्या पोटात कधीच घालू नये, असा तिचा दंडक. हे वाचताना उदयनाचार्यांची उपाधी आठवल्यावाचून राहत नाही.

मँचेस्टरने पुढे शिकवण्यासाठी पिझ्झाची ऑन्टॉलॉजी रचली. ती जगभरच्या वर्गांत वापरली जाते. तिच्यात ‘चीजवाली भाजी’ हा वर्ग एकाच वेळी चीज आणि भाजी या एकमेकांपासून पूर्ण वेगळ्या ठरवलेल्या दोन वर्गांखाली मुद्दाम टाकलेला आहे, आणि विद्यार्थ्यांना रीझनर चालवून पाहता यावा म्हणून ती चूक तशीच ठेवलेली आहे.