पांढरी आणि काळी

दख्खनच्या खेड्यांत जमिनीचे दोन भेद पूर्वापार चालत आले आहेत. जिच्यावर वस्ती करावयाची ती पांढरी, जिच्यांत पीक घ्यावयाचें ती काळी. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाहीं. म्हणून घरें पांढरीवर दाटीनें बांधीत, पुष्कळ ठिकाणीं भोंवतीं गांवकुसूं घालीत आणि वेशीबाहेरचें शिवार नांगरास मोकळें ठेवीत. ही सारी दूरदृष्टीच होती असें मात्र कोणी समजूं नये. पेंढाऱ्यांचें भय होतें. शिवाय महारादि जातींस त्याच कुसवाबाहेर ठेविलेलें होतें. हें विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

१८१७-१८ सालीं पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला आणि कुसवाचें मुख्य प्रयोजन संपलें. पुढें १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यानें शेतजमीन अन्य कामीं लावण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक केली. भयाची जागा कागदानें घेतली. पण भय अर्ज केल्यानें टळत नसे, परवानगी मात्र मिळूं शकते.

पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केली. तेथील सरासरी खातें १७७१ सालीं ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलें होतें. वाटण्यांनीं जमिनीचे तुकडे झाले, तरी ती काळीच राहिली. आज तें गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून तेथें बहुमजली इमारती उभ्या आहेत. माणसें पूर्वींहून अधिक दाटीनें राहतात. परंतु जुन्या शिवारावर.