संगणकाचा वेग आणि वऱ्हाडचा उन्हाळा

शाळेची घंटा प्रत्येक तासाला पाच मिनिटे आधी दिली, तर दिवसात एखादा तास जास्त बसवता येईल. पण फळ्यावरचे ज्यांचे उतरवून झाले नसेल त्यांच्या वहीत वाक्य अर्धवट राहील. संगणकाच्या प्रोसेसरमध्येही अशीच घंटा असते, तिला क्लॉक म्हणतात. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात विजेच्या संकेतांना ट्रान्झिस्टरांची साखळी पार करावी लागते. कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा ही घंटा जलद वाजवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हा खटाटोप जुना आहे. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी संगणकात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असे आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. हौशी लोक तो स्फटिक काढून १६ चा बसवत. वेग ८ मेगाहर्ट्झ होई. कंपनीने पुढच्याच वर्षी सुरुवातीच्या तपासणीत वेग मोजण्याची सोय केली आणि ही वाट अडवली. पुढे काही व्यापारी चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापू लागले, तेव्हा इंटेलने १९९० च्या दशकात चिपमधला गुणकच कुलूपबंद केला. तरीही एक दार उघडे राहिले, ते म्हणजे मदरबोर्डवरचा बसचा वेग.

ऑगस्ट १९९८ मध्ये १४९ डॉलरला आलेला सेलेरॉन ३००ए याच दारातून गाजला. त्याचा गुणक साडेचार. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० ने चाले. बस १०० केली की ४५०. त्याच सुमारास आलेला ४५० चा पेंटियम-२ मात्र ६६९ डॉलरचा होता! यात एक गंमत होती. बस ८३ वर ठेवणे १०० पेक्षा अधिक धोक्याचे. हार्ड डिस्क ज्या पीसीआय मार्गाला जोडलेली असे, त्याचा वेग ३३ अपेक्षित होता. १०० ला ३ ने भागले की ३३ च येतात. ८३ ला मात्र २ नेच भागले जाई आणि येत साडेएक्केचाळीस. प्रोसेसर तग धरी, पण डिस्कवरची माहिती बिघडे.

अमरावतीत शिकत असताना आम्हीही एका मित्राच्या घरी असाच सेलेरॉन ४५० वर चालवला. तो डिसेंबर महिना होता. रात्रभर चाचणी चालवली, एकही चूक नाही. मे महिन्यात आम्ही एक मोठे गणित त्यावर दोनदा सोडवले, तर दोन वेगवेगळी उत्तरे आली. संगणक बंद पडला नाही, तक्रारही केली नाही. त्याच संगणकावर मित्राच्या वडिलांनी आपल्या शाळेची गुणपत्रके तयार केली होती. त्यांतली एक फाइल उघडेना. सगळा वर्ग कागदांवरून पुन्हा टंकावा लागला आणि आम्हाला त्या घरी काही दिवस चहा मिळाला नाही.

कारण सरळ आहे. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आम्ही वेग दीडपट केला होता आणि व्होल्टेज २.० चे २.२. म्हणजे १.५ गुणिले १.२१, सुमारे १.८ पट उष्णता. समजा, मूळ स्थितीत चिप खोलीपेक्षा २५ अंश अधिक तापते. आता ती ४५ अंश अधिक तापेल. डिसेंबरात खोली २० अंश असेल तर चिप ६५ वर. अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात दुपारी खोली ४२ झाली की चिप ८७ वर! आणि या सेलेरॉनची मर्यादा होती ८५. तापलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मंदावतात, संकेत उशिरा पोहोचतो आणि घंटा आधीच होते. शिवाय आमच्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत साचतात, ते वेगळेच.

म्हणून रोजच्या कामाच्या यंत्राचा वेग वाढवायचाच असेल, तर व्होल्टेज न वाढवता, थोडा थोडा वाढवावा. पाती आधी साफ करावीत. आणि चाचणी मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता घ्यावी. हिवाळ्यातले प्रमाणपत्र वऱ्हाडात चालत नाही. मुलांचे गुण ज्या यंत्रावर असतील ते तर आहे त्याच वेगावर राहू द्यावे.

या उष्णतेशी मोठ्या यंत्रांचीही गाठ पडली होती. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक थंड राखण्यासाठी त्याची मंडले एका निष्क्रिय द्रवात बुडवून ठेवावी लागत. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये निराळा मार्ग धरला. १९९१ च्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे साधे, मंद प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. घरगुती संगणकाला हे उमगायला आणखी चौदा वर्षे लागली. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत २००४ मध्ये सोडून दिला आणि २००५ मध्ये दोन गाभ्यांचे प्रोसेसर आणले.

२००८ पासून तर प्रोसेसर स्वतःच तापमान व वीजवापर पाहून घंटा जलद किंवा सावकाश करतो. शाळेत असा संगणक असेल तर एकच लांब गणित डिसेंबरात आणि पुन्हा मे महिन्यात, पंख्याची धूळ न काढता, त्याच्याकडून सोडवून घ्यावे; लागलेला वेळ आणि खोलीचे तापमान मुलांनी वहीत लिहावे.