राहिलेल्या खेळांची बाकी

खेळ आणि कर्ज या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे आपल्या आजोबा-पणजोबांच्या स्वप्नातही आले नसते. जुगार वगळला तर खेळून कोणी ऋणको होत नाही, अशीच सर्वांची समजूत होती. आज मात्र जगभर असंख्य लोक आपल्या अपुऱ्या राहिलेल्या व्हिडिओ गेमांची यादी जवळ बाळगून आहेत. त्यांत आपल्याकडील तरुण आहेत, आणि आता तरुण न राहिलेलेही पुष्कळ आहेत. या यादीला ते 'बॅकलॉग' म्हणतात. शब्द कचेरीतला आहे. तुंबलेल्या फायली आणि नापास झालेले विषय यांच्यासाठी आपण तो वापरतो. यादीकडे पाहून या मंडळींना ओशाळल्यासारखे होते. नवे वर्ष लागले की 'यंदा नवा खेळ घ्यायचा नाही, आधी जुने संपवायचे' असा संकल्प होतो, आणि तो बहुधा पहिल्या सवलतीच्या विक्रीपर्यंत टिकतो.

ही बाकी कोठून आली, ती खरोखरीची आहे काय, आणि ती कशी फेडावी, एवढाच आमचा विषय आहे. विषय कोणाला पोरकट वाटेल. पण एखाद्या काळातील माणसे आपला फावला वेळ कसा घालवीत, यावरून त्या काळाची जी ओळख पटते ती त्याच्या लढायांवरूनही पटत नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम जुन्या खेळांकडे पाहावे. विटीदांडू, हुतूतू, गंजिफा, सोंगट्या यांपैकी कोणताही खेळ घ्या. तो सुरू होतो आणि संपतो. गडी बाद होतात, सोंगट्या घरात जातात, आणि काहीच झाले नाही तर दिवेलागणीला घरून हाक येते. क्वचित रात्र फार झाली म्हणून पट तसाच झाकून ठेवीत. बुद्धिबळाच्या सामन्यांत तर पुढची खेळी पाकिटात बंद करून डाव तहकूब करण्याचा शिरस्ता होता. पण तो एकच डाव असे, आणि समोर दुसरा माणूस वाट पाहत असे. डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाचे एक मुख्य लक्षण असे सांगितले आहे की, तो स्थळाच्या व काळाच्या मर्यादेत बांधलेला असतो आणि नेहमीच्या व्यवहाराहून वेगळा असतो. एकाच वेळी शंभर खेळ अर्धवट मांडून ठेवणे या लक्षणात बसतच नाही. ही स्थिती येण्यासाठी तीन नव्या गोष्टी घडाव्या लागल्या : खेळाला शेवट मिळाला, खेळाला स्मरण मिळाले, आणि खेळाला स्वस्त दुकान मिळाले.

नाण्यावर चालणाऱ्या आरंभीच्या नामांकित यंत्रांत यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा मागमूसही नव्हता. १९७८ साली जपानमध्ये तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. १९८० साली नामको कंपनीतील तोरू इवातानी यांचा 'पॅकमॅन' आला. खेळणारा लवकर हरला तर यंत्राच्या मालकाला पुढचे नाणे लवकर मिळे. म्हणून हे खेळ उत्तरोत्तर कठीण होत जात, आणि जिंकून संपणे त्यांना ठाऊकच नसे. पॅकमॅनची २५६ वी पायरी गाठणाऱ्यास पडद्याचा उजवा अर्धा भाग विस्कटलेला दिसे, कारण पायऱ्या मोजणाऱ्या यंत्राची मोजदाद २५५ पर्यंतच जाई. तेथे खेळाची कथा संपली नव्हती, यंत्राचे गणित संपले होते. अशा खेळात कोणी मागे राहत नाही. नाणे संपले, हात झटकले, घरी गेले. खिशाला थोडी तोशीस लागली असेल, पण मनावर बाकी राहिली नाही.

शेवट आणि स्मरण आले ते दुसऱ्या वाटेने, विद्यापीठांतील संगणकांवरून. १९७६ च्या सुमारास विल क्राउदर या गुहा धुंडाळणाऱ्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने केंटकीतील एका गुहेवरून 'ॲडव्हेंचर' हा शब्दांतून खेळण्याचा खेळ लिहिला, आणि १९७७ साली डॉन वूड्स यांनी तो वाढवला. त्याच धर्तीवर एम.आय.टी.तील मंडळींनी 'झॉर्क' रचला व १९८० पासून तो घरगुती संगणकांसाठी विकला जाऊ लागला. त्यात 'सेव्ह' असा शब्द टंकला की आपण जेथे असू ती जागा तबकडीवर नोंदली जाई. हा खेळ एका बैठकीत संपत नसे. किंबहुना तो एका बैठकीत संपू नये अशीच त्याची रचना होती. खेळाने कादंबरीचे रूप घेतले, आणि कादंबरीबरोबर पानात घालावयाची खूणही आली.

ही खूण घरोघरी पोचवली जपानने. १९८६ सालच्या फेब्रुवारीत निंटेंडो कंपनीचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' तबकडीवर आला आणि त्यात खेळणाऱ्याची प्रगती साठवली जाऊ लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेत तोच खेळ लहानशी बॅटरी बसवलेल्या कॅसेटमधून विकला गेला. १९८६ च्याच मे महिन्यात यूजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रसिद्ध झाला. त्याच्या कॅसेटला स्मरण नव्हते. म्हणून खेळ थांबवताना पडद्यावर जपानी लिपीतील २० अक्षरांचा मंत्र दिसे. तो वहीत उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. एक अक्षर चुकले की सारे मुसळ केरात. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला, आणि १९८८ च्या तिसऱ्या भागात अखेर बॅटरी आली. त्या दिवसापासून अर्धवट खेळ मुलांच्या वहीतून निघून यंत्राच्या पोटात गेला. वही हरवत असे, त्यामुळे विसरणे सोपे होते. यंत्र मात्र विसरत नाही.

आपल्याकडे हा टप्पा बराच उशिरा आला, हे येथे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्रातील शहरांत ज्यांचे बालपण १९९० च्या आसपास गेले त्यांना बसस्थानकाजवळचे व्हिडिओ गेमांचे पार्लर आठवेल, आणि जपानी यंत्राची नक्कल करून विकलेली घरगुती यंत्रेही आठवतील. त्यांच्या कॅसेटांवर हजारो, कधी लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. या कॅसेटांना बहुधा स्मरण नसे. वीज गेली की डाव गेला, आणि वीज आली की पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ. तीच पायरी पाचशे वेळा खेळलेला तो मुलगा गरीब होता, पण बाकीदार नव्हता. त्याच मुलाला पुढे नोकरी लागली, पगार सुरू झाला, आणि लहानपणी दुरून पाहिलेले सारे खेळ एकदम हाताशी आले. येथे तिसरी गोष्ट, म्हणजे दुकान, पुढे येते.

२००३ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' नावाची व्यवस्था सुरू केली, आणि २००५ पासून तीवर इतरांचेही खेळ विकले जाऊ लागले. खोके नाही, कपाट नाही, गल्ल्यावरचा माणूस नाही. मालाची एक प्रत वाढवायला दुकानदारास जवळजवळ काही खर्च नसल्यामुळे किंमत हवी तेवढी उतरवता येते. २०१० साली 'हंबल इंडी बंडल' आले. त्यात ग्राहकाने मनाला येईल ती रक्कम द्यावी आणि खेळांचा गठ्ठा घ्यावा. २०१७ साली मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या वर्गणीत मोठा संग्रह खुला केला. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या एपिक कंपनीच्या दुकानाने तर ठराविक दिवसांनी खेळ फुकट वाटण्यास प्रारंभ केला. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले.

याचा परिणाम काय झाला, हे 'आर्स टेक्निका' या नियतकालिकाने २०१४ साली केलेल्या एका पाहणीत दिसले. स्टीमवर लोकांच्या नावे नोंदलेल्या खेळांपैकी सुमारे ३७ टक्के खेळ एकदाही उघडले गेले नव्हते. लोक खेळ विकत घेत नव्हते. कधीतरी खेळू, ही आशा विकत घेत होते. न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला जपानी भाषेत 'त्सुंदोकु' असा खास शब्द आहे, आणि आपल्याही घरांत तसे ढीग असतात. पण पुस्तकांचा ढीग मुकाट्याने धूळ खातो. खेळांचा ढीग हिशेब सांगतो. २००५ साली एक्सबॉक्स ३६० या यंत्राने 'अचीव्हमेंट' नावाची पदके आणली, पाठोपाठ इतरांनीही आणली. कोणत्या खेळाचा किती भाग आपण केला हे आता टक्केवारीत समोर येते. 'हाऊ लाँग टू बीट' या संकेतस्थळावर खेळणारे स्वतःच खेळ संपवायला लागलेले तास नोंदवतात. 'पर्सोना ५' सारख्या खेळाच्या नुसत्या मुख्य कथेला तेथे सुमारे १०० तास सांगितले आहेत.

आता साधे गणित करू. यादीत ५० खेळ आहेत आणि प्रत्येकास सरासरी २० तास लागतात असे धरले तर एकूण १००० तास होतात. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसास आठवड्याला ५ तास मोकळे मिळाले तर २०० आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षे. त्या चार वर्षांत एकही नवा खेळ घ्यावयाचा नाही, ही अट वेगळीच. ही बाकी पुरती फिटणारी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मग प्रश्न असा की, या कर्जाचा सावकार कोण? दुकानदाराला पैसे मिळाले आहेत; खेळ करणाऱ्यांना त्यांचा वाटा पोचला आहे. कोणी दारात बसलेला नाही. ऋणको आणि धनको एकच माणूस आहे, आणि तो स्वतःच्याच विश्रांतीवर जप्ती आणतो. मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यानंतर. फावला वेळ ही आपोआप मिळालेली वस्तू नाही. ती मागून, झगडून घ्यावी लागली आहे. तो वेळ यादीवर खुणा करण्यासाठी खर्च होऊ लागला, तर गिरणीचा भोंगा आपण घरी आणून बसवला असेच म्हणावे लागेल.

याचा अर्थ खेळ पुरा करण्यात काही मोल नाही असा मात्र नाही, आणि येथे आम्ही 'वाटेल तेव्हा सोडा' म्हणणाऱ्यांची साथ सोडतो. ज्या खेळाला कथा आहे त्याचा अर्थ पुष्कळदा शेवटीच उलगडतो. अर्ध्यावर टाकलेल्या नाटकावर मत देण्याचा अधिकार आपण कोणाला देत नाही. शिवाय ढीग कायमचा आपला राहील हा भरवसाही खरा नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात असे आढळले की, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांनाही तो खेळता येईना. त्यातून युरोपात जी चळवळ उभी राहिली तिच्या निवेदनावरील सह्यांनी २०२५ च्या जुलैत दहा लाखांचा आकडा ओलांडला. कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला असून २०२५ पासून दुकानदारास सांगावे लागते की, हा खेळ तुम्ही विकत घेत नसून वापरण्याचा परवाना घेत आहात. म्हणजे ज्याला आपण संचित समजत होतो त्यातला बराच भाग उसना आहे.

या इतिहासावरून फेडीचा मार्ग सुचतो. यादीचे तीन वाटे करावेत. जे खेळ आशेपोटी घेतले आणि ज्यांची आता ओढ उरलेली नाही, ते बिनदिक्कत निर्लेखित करावेत. व्यापारी बुडीत रकमेचे तेच करतो आणि त्याची अब्रू जात नाही. ज्यांना मुळात शेवटच नाही, त्यांचे नाव यादीत घालूच नये. मन भरले की ते संपले. उरतील ते थोडे, ज्यांचा शेवट जाणून घेण्याची खरी उत्सुकता आहे. ते एका वेळी एक असे मांडावेत, आणि जे दुकानदाराच्या मर्जीवर जिवंत आहेत ते आधी घ्यावेत. एक डाव मांडलेला असताना दुसरा पट उघडू नये, ही आपल्या घरांतली जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

शेवट, स्मरण आणि स्वस्ताई या तिन्ही गोष्टी माणसाच्या सुखासाठीच निघाल्या, आणि त्यांपैकी एकही परत करावी असे आम्ही म्हणणार नाही. पण यंत्राला स्मरण दिले म्हणून विसरण्याचा आपला हक्क गेलेला नाही. राहिलेल्या खेळांची संख्या शून्यावर आणणे हे काही जीवनाचे ध्येय नव्हे. रविवारी दुपारी जो एक खेळ आपण उघडू, त्याच्याजवळ पुरते बसता यावे, आणि बाकीचे एकोणपन्नास त्या वेळी मनात नसावेत, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.