तारांची पालटती जुळणी

तंतुवाद्य हातीं घेणारास पहिला धडा मिळतो तो तारा सुरांत मिळविण्याचा. एकदां मिळविलेल्या तारा वाजवितां वाजवितांच पालटाव्या आणि क्षणार्धांत पूर्ववत् व्हाव्या, ही इच्छा प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु ह्याच इच्छेनें गिटारच्या इतिहासांत एक निराळें वाद्य जन्मास घातलें. त्याची हकीकत वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मेक्सिकोकडील गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांत पोंचली, असें मानतात. तेथील लोकांनीं कांहीं तारा सैल करून आपल्या गीतांस साजतील अशा अनेक जुळण्या बसविल्या. पुढें १८८९ च्या सुमारास ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू ह्या तरुणानें गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकविण्याची रीत पाडली, असा सर्वसाधारण समज आहे. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ही रीत अमेरिकाभर पसरली.

ह्या कांडींत मात्र एक उणीव होती. ती सरळ असल्यामुळें जेथें ठेवावी तेथें सर्व तारा सारख्याच चढतात. त्यांचें परस्परांशीं नातें बदलत नाहीं. मेजर कॉर्डीस मिळविलेल्या तारांवर शुद्ध गंधाराचा कोमल गंधार करावा कसा? वादकांनीं कांडी तिरपी धरली, नको ती तार वगळली. शेवटीं एकाच वाद्यास दोन, तीन, क्वचित् चारही माना जोडून प्रत्येकीची जुळणी निराळी ठेविली. ओझें वाढलें, परंतु अडचण पुरती टळली नाहीं.

तेव्हां कारागीर साह्यास आले. १९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीनें इलेक्ट्राहार्प नांवाचें वाद्य काढलें. त्याचें पेडल पायानें दाबलें कीं नेमक्या तारांचे सूर नेमके पालटत. १९४८ मध्यें पॉल बिग्सबी ह्यानें स्पीडी वेस्ट ह्या वादकासाठीं असेंच पेडलांचें वाद्य बांधलें. एका जुळणीवरून दुसरीवर त्वरित जाणें, हाच तोंवर मुख्य हेतु होता. परंतु १९५३ च्या अखेरीस वेब पियर्सच्या ‘स्लोली’ ह्या गीताचें मुद्रण चाललें असतां बड आयझॅक्स ह्यानें तारा निनादत असतांनाच पेडल दाबलें. एक सूर स्थिर आणि शेजारचे सूर चढत आहेत, असा नाद उमटला. आणि जी केवळ सोय होती ती वाद्याची वाणी झाली!

बॅन्जोवर अर्ल स्क्रग्ज ह्यानें १९५१ च्या ‘अर्ल्स ब्रेकडाउन’ मध्यें असाच प्रयोग केला होता. पुढें त्याच कामासाठीं त्यानें जादा खुंट्या बसविल्या. १९६८ च्या सुमारास जीन पार्सन्स ह्यानें क्लॅरेन्स व्हाइटच्या गिटारीस अशी कळ बसविली कीं, मान खालीं दाबतांच खांद्याचा पट्टा ओढला जाऊन बी सुराची तार एक पूर्ण स्वर चढे. आज ई सुराची तार डी वर उतरविणारे लहान खटके आणि लॅप स्टीलवर तळहातानें दाबावयाच्या कळाही मिळतात.

ह्या सर्व कळांचें मर्म एकच आहे. तार सैल करणें कोणासही साधतें. तिला नेमक्या सुरावर परत आणणें हेंच कठीण. बिल कीथ ह्याच्या खुंटींत म्हणून दोन लहान स्क्रू असतात. एक वरची सीमा राखतो, दुसरा खालची. शिवाय एक तार ताणली कीं वाद्याचें अंग किंचित् वांकतें व इतर तारा थोड्या उतरतात. त्याचीही तजवीज कारागिरास करावी लागते.

आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनीं मांडीवरच्या गिटारवर रागसंगीत रुजविलें. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेंत तिचे सूर आहेत. रागांत षड्ज अढळ असतो, कॉर्ड पालटावी लागत नाहीं. म्हणून तेथें पेडलावांचून अडलें नाहीं. गरज जशी, तशी कळ.

कळ आली कीं कसब गेलें, अशी कुरकुर ऐकूं येते. तिरप्या कांडीचें जुनें कौशल्य विरळ झालें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि कळ सीमा राखते, ती ठरवीत नाहीं. ती ठरवावी लागते वादकाच्या कानानें. सीमा चुकीची बसविली तर कळ तीच चूक प्रत्येक वेळीं इमानें करील. म्हणून नव्या विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, खटका बसविण्यापूर्वीं कान तयार करावा.