आब्रेउ, सेबास्तियान
आब्रेउ, सेबास्तियान : (१७ ऑक्टोबर १९७६ – ). उरुग्वेचा आघाडीचा फुटबॉलपटू. जन्म मिनास येथे. माँटेव्हिडिओच्या डिफेन्सॉर स्पोर्टिंगकडून व्यावसायिक कारकिर्दीस प्रारंभ. १९९८ मध्ये स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्याने त्याला करारबद्ध केले. मात्र तेथे फारशी संधी न देता पुढील काही वर्षे त्याला लॅटिन अमेरिकेतील क्लबांकडे उसने धाडले. त्याच्या भटक्या कारकिर्दीचे मूळ या व्यवस्थेत आहे. पुढे मेक्सिको, अर्जेंटिना, इझ्राएल, ग्रीस, ब्राझील, चिली असा प्रवास घडला. २०१७ च्या अखेरीस चिलीचा आउदाक्स इतालियानो हा त्याचा २६ वा क्लब ठरला व गिनेसने त्याच्या विक्रमाची नोंद केली.

अशा खेळाडूस कोठेच न रुजलेला समजणे आब्रेउबाबत अन्यायाचे ठरेल. मेक्सिकोत क्रूस आसूलकडून तो २००२ मध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. राष्ट्रीय संघासाठी त्याने २६ गोल केले. जोहान्सबर्ग येथे २ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात घानाविरुद्धची निर्णायक पेनल्टी त्याने गोलरक्षकाच्या झेपेची वाट पाहत, चेंडू हलकेच उचलून मधोमध मारली. या धाडसामागे सराव होता : त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोटाफोगोकडून फ्लामेंगोविरुद्ध त्याने अशीच पेनल्टी मारली होती. २०११ च्या कोपा अमेरिका विजेत्या संघातही तो होता. २०२१ मध्ये, ४४ व्या वर्षी, सूद अमेरिका या क्लबकडून खेळत असताना तो निवृत्त झाला.