गच्चीवरचं ऊन आणि मीटरमधली टाकी

महाराष्ट्रातल्या शहरी घरांत ‘सोलर’ म्हणजे बरीच वर्षं आंघोळीचं गरम पाणी होतं. ‘आज सोलरचं पाणी आहे का?’ या प्रश्नातलं सोलर म्हणजे गच्चीवर तिरक्या ठेवलेल्या काळ्या नळ्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी पडलेली टाकी. या सोलर बंबाने आधीच्या तांब्याच्या बंबाचं नाव तेवढं घेतलं, पण जागा घेतली ती गीझरची. गीझर बंद राहिला की बिल उतरायचं. त्यासाठी वीज कंपनीला विचारावं लागत नव्हतं, मीटर बदलावा लागत नव्हता, कुठल्या आयोगाचा नियमही लागत नव्हता. दुपारी तापलेलं पाणी टाकीत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता नळाला यायचं. आता त्याच गच्च्यांवर निळी-काळी पॅनेलं आली आहेत आणि त्यांचीही ओळख बिल कमी करणारी वस्तू अशीच करून दिली जाते. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे, तो या ओळखीत हरवतो: पॅनेलला टाकी नसते. दुपारी बाराला तयार झालेली वीज त्याच क्षणी कुठेतरी वापरली जावी लागते आणि नोकरदारांचं घर दुपारी बाराला कुलूपबंद असतं. तरीही बिल उतरतं, कारण टाकीचं काम मीटर आणि त्यामागची दरपद्धती करतात. घरगुती सौरविजेचा इतिहास काचेचा आणि सिलिकॉनचा जितका आहे, त्याहून जास्त या हिशेबातल्या टाकीचा आहे, असं मला वाटतं.

साठवण हा विजेच्या धंद्यातला नवा प्रश्न नाही. आपल्याकडे तर धंदा उभा राहिला तोच साठवणीवर. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोटा इथे तलाव बांधून 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू केलं. मुंबईच्या गिरण्यांना वीज वर्षभर हवी आणि घाटात पाऊस पडतो चार महिने. ही तफावत त्या तलावांनी भरून काढली. मुळशीला बांधलेल्या पुढच्या तलावाची किंमत मात्र गिरणीमालकांपेक्षा मावळातल्या शेतकऱ्यांनी मोजली. 1921 ते 1924 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह हा जमिनीचा लढा होता हे खरंच, पण विजेची साठवण कुणाच्या पदरात घालायची हा प्रश्नही त्यात होता. पुढे 1962 पासून कोयनेची वीज आली. घरोघरी दिवे लागतात त्या संध्याकाळच्या वेळेला अशा जलविद्युत केंद्राचं मोल कळतं, कारण झडप उघडली की काही मिनिटांत वीज मिळते. कोळशाच्या केंद्राला असं हवं तेव्हा पळवता येत नाही. घाटघरच्या वीजकेंद्रात तर खालचं पाणी पंपाने वर चढवून मागणी वाढली की पुन्हा खाली सोडतात. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी उतरताना परत मिळत नाही, तरीही तो व्यवहार परवडतो, कारण संध्याकाळचं युनिट मोलाचं असतं. एका वेळची वीज दुसऱ्या वेळी हवी असेल तर कुणाला तरी दाम मोजावा लागतो. गच्चीवरच्या विजेबाबत हाच दाम बराच काळ दिसेनासा झाला, आणि तो कसा झाला ते पाहण्यासाठी जुन्या मीटरच्या काचेआड डोकवावं लागतं.

त्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती असायची, तिच्या कडेला काळी खूण. इस्त्री लावली की खूण भराभर समोरून जायची, सगळं बंद केलं की थांबायची. वीज उलट दिशेने गेली तर चकतीही उलटी फिरायची आणि आकडे मागे यायचे. तिच्या बनावटीतच ते होतं, कुणी मुद्दाम योजलेलं नव्हतं. 1979 च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका वसाहतीवर सौरपॅनेलं बसवणाऱ्या स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुविशारदाने या उलट्या फिरण्याचाच उपयोग करून घेतला. दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट तिथे आपोआप सारख्या भावाचे ठरले. 1983 मध्ये मिनेसोटा राज्याने त्याला कायद्याचं रूप दिलं आणि नेट मीटरिंग जन्माला आलं. जर्मनी दुसऱ्या वाटेने गेला. 2000 च्या कायद्याने तिथे गच्चीवरच्या प्रत्येक युनिटला वेगळा, चढा आणि वीस वर्षांच्या हमीचा दर मिळाला. म्हणजे जर्मन घरमालक वीज विकत होता आणि अमेरिकन घरमालक ती जणू ठेव म्हणून ठेवत होता. ऊन दोघांचं, पॅनेलंही साधारण सारखी. घरखर्चाच्या वहीत मात्र एकाकडे जमा वाढली आणि दुसऱ्याकडे खर्च घटला.

महाराष्ट्राने 2015 च्या नियमांनी ठेवीची वाट धरली. तोवर चकतीचे मीटर जाऊन लाल दिवा लुकलुकणारे इलेक्ट्रॉनिक मीटर आले होते आणि त्यांतले अनेक दिशा ओळखत नाहीत. नेट मीटर बसण्याआधी उतावळेपणाने पॅनेल चालू केलं तर बाहेर जाणारं युनिटही ते वापर म्हणून मोजतात आणि बिल उलट चढतं. आपल्याकडे ठेवीला भाव मिळाला तो दराच्या टप्प्यांमुळे. महावितरणच्या 2024-25 च्या घरगुती दरांत, वहन आकार धरून, पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये 88 पैसे, त्यापुढे 300 पर्यंत 11 रुपये 46 पैसे आणि 300 ते 500 च्या टप्प्यात 15 रुपये 72 पैसे पडत होते. महिन्याला 350 युनिट वापरणारं घर घेऊ. स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क बाजूला ठेवलं तर त्याचं बिल 3,666 रुपये होतं. दोन किलोवॉटची पॅनेलं वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण 240 युनिट देतात. ती वजा जाऊन उरतात 110 युनिट आणि सुमारे 703 रुपये. पॅनेलं बिलाच्या वरच्या, महाग बाजूने खात येतात, म्हणून वाचलेल्या प्रत्येक युनिटचे बारा रुपयांहून जास्त सुटतात. आता तीच पॅनेलं 100 युनिट वापरणाऱ्या घरावर ठेवा. जास्तीत जास्त बचत 588 रुपये, म्हणजे पहिल्या घराच्या बचतीचा पाचवा हिस्सा. छोट्या ग्राहकाला झळ लागू नये म्हणून केलेल्या या टप्प्यांनी सौरविजेचा मलिदा मोठ्या ग्राहकाच्या ताटात वाढला. कुणाचाही तो हेतू नव्हता, पण दरपत्रकाने केलं ते हेच.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं खरं असलं तरी बिल उतरलं ते पॅनेलं स्वस्त झाली म्हणून. 1970 च्या दशकात एका वॅटला कित्येक डॉलर मोजावे लागत, ती किंमत डॉलरच्या अंशावर आली. किमतीचा वाटा नाकारता येणार नाही; महाग पॅनेलं कुणी लावलीच नसती. पण किंमत ठरवते ती खरेदी. दरमहा काय सुटणार हे ती ठरवत नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 मध्ये नव्या ग्राहकांसाठी ग्रिडला दिलेल्या युनिटचा मोबदला सुमारे तीन चतुर्थांशांनी कापला. पॅनेलं महागली नव्हती, ऊन कमी झालं नव्हतं. तरी नव्या अर्जांची संख्या कोसळली आणि जे लावत होते ते सोबत बॅटरी घेऊ लागले. हिशेबातली टाकी काढून घेतल्यावर लोकांना खरी टाकी विकत घ्यावी लागली. स्पेनने 2015 मध्ये स्वतःच्या गच्चीवरच्या विजेवर आकार लावला, ‘सूर्यकर’ म्हणून तो बदनाम झाला आणि 2018 मध्ये रद्द करावा लागला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. गच्चीवाला दुपारी नको असलेलं युनिट देतो आणि संध्याकाळी सगळ्यांना हवं असलेलं परत नेतो. तारा, रोहित्रं, रात्रपाळीचा लाइनमन यांचा खर्च मग गच्ची नसलेल्याने सोसायचा. या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बंगल्याच्या गच्चीवरून निघालेलं युनिट लांब जात नाही, शेजारच्या घरात किंवा कोपऱ्यावरच्या गिरणीत संपतं आणि तिथे कंपनी त्याचे पूर्ण पैसे वसूल करते. लांबच्या वाहिन्यांवरची गळतीही वाचते. शिवाय तारांचा खर्च प्रति युनिट दरात मिसळून टाकण्याचा निर्णय कंपन्यांचा आणि नियामकांचा होता. मोठ्या ग्राहकाकडून जास्त घेऊन छोट्याला सावरायचं, तर हा मिसळलेला दर सोयीचा होता. तो मोठा ग्राहक वापरच कमी करू लागल्यावर त्याला फुकट्या म्हणणं मला पटत नाही. त्याने दरपत्रक वाचलं, एवढंच. खरा अन्याय दुसरीकडे आहे. भाडेकरूला गच्ची नाही, चाळीला आहे पण ती सगळ्यांची, आणि वीस मजली इमारतीत माणशी वाट्याला येणारी गच्ची पलंगाएवढीही नसते. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण पाय ठेवायला स्वतःचं छप्पर नसेल, तर ते घ्यायचं कुठे?

दाम लपवण्याचे दिवसही आता सरत आले आहेत. नवे मीटर तास मोजतात. दुपारी वापरलेल्या विजेला सवलत आणि संध्याकाळच्या विजेला जादा दर असं दरपत्रक आलं की दुपारचं आणि रात्रीचं युनिट एकाच भावाचं राहत नाही. सध्याच्या टाकीलाही एक भोक आहेच. शिल्लक युनिट महिन्यामागून महिने पुढे जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं कोरं होतं आणि उरलेले युनिट कंपनी कमी भावाने घेते. पावसाळ्यात ढगांखाली पॅनेलं मरगळलेली असतात, तेव्हा ही शिल्लक जेमतेम टिकते. थंडीत पंखे बंद आणि आकाश स्वच्छ, तेव्हा ती साठते; फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत भरते. 31 मार्चला ती रिकामी होते आणि दुसऱ्या दिवसापासून एप्रिल लागतो, घरातले सगळे पंखे पाचावर असतात.