तारेच्या आतली माणसं

माझ्या आजोबांवर आयुष्यात एकही खटला चालला नाही. कोर्टाची पायरी ते कधी चढले नाहीत, ना फिर्यादी म्हणून, ना आरोपी म्हणून. तरी मिसरूड फुटायच्या वयात सरकारने त्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, रजिस्टरात नाव चढवलं आणि त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड आणून ठेवलं. गुन्ह्याच्या जागी एवढंच होतं: जात टकारी.

टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारा. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग गावात टकारी कधी येतोय याची बाया वाट बघायच्या. तो ओट्यावर बसून छिन्नीने तळीला बारीक खाचा पाडायचा. दगडाच्या कपच्या उडायच्या, डोळ्यांत जायच्या, बोटांत रुतायच्या. आजोबांच्या बोटांची टोकं मी पाहिली आहेत. वणांवर वण, कातडी घट्ट आणि चकचकीत. ठसे घेणाऱ्या कारकुनाने शाई लावून बोट कागदावर दाबलं, तर नुसता काळा डाग उमटला. पुन्हा शाई, पुन्हा डाग. तेव्हा तो ओरडला होता, "मुद्दाम घासून आलायस का रे?" आजोबा हे सांगताना उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर फिरवत राहायचे. कामाने पडलेले वणसुद्धा त्या खोलीत पुरावा झाले.

हा सगळा कारभार कायदेशीर होता, आणि माझ्या मते सगळ्यात भयंकर गोष्ट तीच आहे. १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला, तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता. हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, सुताराचा पोर सुतार होतो, तसा चोराचा पोर चोरच होणार, असा युक्तिवाद सरकारपक्षाने तेव्हा केला होता. १९११ च्या कायद्याने हे जाळं मुंबई इलाख्यावरही पडलं आणि १९२४ मध्ये सगळं एकत्र करून नवा कायदा झाला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी, छप्परबंद, आम्ही टकारी, अशा कितीतरी जमाती त्यात आल्या. सरकारने गॅझेटात एक जाहीरनामा काढायचा की अमुक जमात गुन्हेगार. झालं. त्या जाहीरनाम्याच्या वैधतेवर कोणत्याही कोर्टाने शंका घ्यायची नाही, हे कायद्यातच लिहून ठेवलेलं.

त्यातली कलमं मी मोठेपणी वाचली आणि आजी-आजोबांच्या गोष्टींना एकेक करून कलमाचा आकडा मिळत गेला. नोंद झालेला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता अशी मॅजिस्ट्रेटची खात्री पटली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झालेलीच असायला हवी असं नाही. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सरकारी शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला. जमातीचा माणूस गावात आला-गेला की पोलिसांना वर्दी देण्याचं बंधन गावच्या पाटलावर. हे शेवटचं कलम आमच्या घराने चांगलंच भोगलं आहे.

पणजोबा गावाकडे, बार्शीच्या बाजूला वारले तेव्हा आजोबांना दहाव्यासाठी पास मिळाला. पासावर जायचं गाव, जायचा दिवस, परतायची वेळ. गावात पोचल्यावर आधी पाटलाची सही घ्यायची, मग घरी. आजोबा पोचले तर पाटील बाजाराला गेलेला. सहीशिवाय घरी जावं तर पास मोडला, पास मोडला तर तुरुंग. ते पाटलाच्या वाड्याबाहेर बसून राहिले. नदीकाठी पिंड ठेवला, कावळा शिवायची वाट बघून लोक थकले, शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. थोरला मुलगा हाकेच्या अंतरावर बसलेला. पाटील दिवेलागणीला आला. तो माणूस वाईट नव्हता असं आजोबा आवर्जून सांगायचे. त्याने सही केली, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाला, "आधी का नाही गेलास घरी?"

सेटलमेंटमधल्या गोष्टी आजीकडे जास्त होत्या. सेटलमेंट हेच नाव. आजही सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणा, तो बरोबर आणून सोडतो. तारेचं कुंपण, फाटक, फाटकावर पहारा आणि हजेरी. "रातच्याला घंटा झाली की उठायचंच," आजी म्हणायची, "पोर अंगावर पीत असलं तरी तसंच पदराखाली घिऊन उभं ऱ्हायचं." आजीचा पहिला मुलगा तापाने गेला त्या रात्रीही ती रांगेत होती. नाव पुकारलं, तिने 'हाय' म्हटलं. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली.

सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. भोंग्यावर शहर उठायचं, भोंग्यावर झोपायचं. गिरण्यांना माणसं हवी होती आणि तारेच्या आत अशी माणसं होती जी काम सोडून कुठे जाऊ शकत नव्हती. फाटकातून पाळीला जायचं, पाळी संपली की फाटकात परत. दोन्ही सोयी एकमेकींना किती नेमक्या बसल्या, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आमच्या कॉलनीतली म्हातारी माणसं ती सांगतातच. स्टार्ट साहेबाबद्दल ती प्रेमाने बोलतात. हा आय.सी.एस. अधिकारी मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटांचा प्रमुख होता. शाळा काढल्या, दवाखाने आले. नीट वागणाऱ्यांना तारेबाहेर घरं मिळाली, त्या वस्तीला फ्री कॉलनी म्हणतात. सोलापूरची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. पुढे याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा तिचे सदस्य होते आणि १९३० मध्ये तिचा अहवाल आला. माझे वडील सेटलमेंटच्या शाळेत अक्षर शिकले म्हणून मी आज हे लिहिते आहे. हे ऋण मी नाकारत नाही. पण साहेब भला निघाला म्हणून कायदा भला होत नाही. त्याच्या जागी एखादा दुष्ट साहेब आला असता, तरी कायद्याचं एकही कलम बदलावं लागलं नसतं. ज्या कारभारात माणसाचं बरंवाईट साहेबाच्या स्वभावावर अवलंबून असतं, तिथे हक्क नावाची वस्तू नसते.

आणि बाहेरच्या शहराचं काय? १९३० च्या मे महिन्यात सोलापुरावर लष्करी कायदा लागला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांपुढे मीही लहानपणापासून हात जोडत आले आहे. लष्करी कायद्याची आठवण शहराने जपली, ती जपायलाच हवी. पण त्याच शहरात कितीतरी वर्षं रोज घंटा वाजत होती. तिची आठवण तारेच्या आत राहणाऱ्यांनीच ठेवली.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो विमुक्त दिन. आमच्या घरात मात्र कोणी तारीख सांगत नाही, 'तार निघाली तवा' असंच म्हणतात. तार निघाली तेव्हा आजोबा छिन्नी-हातोडा घेऊन गावोगाव फिरायला बाहेर पडले. पण गावं बदलली होती. पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात पडली होती. इतकी वर्षं लोकांना सांगितलं होतं की हे चोर आहेत, त्यामुळे ओट्यावर बसू द्यायलाही कोणी तयार नव्हतं. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा बाहेरच्या मराठी वाचकाला हे पहिल्यांदा एवढ्या जवळून दिसलं.

पोलीस ठाण्यातली कपाटं मात्र तशीच राहिली. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. कागदावर तो जातीचं नाव घेत नाही, माणसाचा इतिहास बघतो. पण इतिहास कोणाचा लिहून ठेवलेला होता? १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर जमातीचा तरुण कोठडीत मेला. त्यानंतर महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगाच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणारी भाषा घटनाबाह्य आहे आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका. ती याचिका मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची. १९५२ ते २०२४. एवढी वर्षं ती वाक्यं सरकारी पुस्तकांत छापली जात होती आणि अधिकारी त्यांवर बोट ठेवून काम करत होते.

गेल्या वर्षी आमच्या भागात एक घरफोडी झाली. दुसऱ्या दिवशी एक हवालदार माझ्या भाच्याला बोलवायला आला. भाचा बी.कॉम. करून एका दुकानात हिशेब लिहितो. घरफोडीशी त्याचा संबंध काय, तर आडनाव आणि पत्ता. माझी बहीण घाबरून पोराला म्हणाली, जा गपचूप, लवकर सोडतील. तिच्या अंगात आजी बोलत होती. पोरगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, लेखी नोटीस द्या. ज्या तारखेला बोलवाल त्या तारखेला वकील घेऊन येतो." हवालदाराने आवाज चढवला, कॉलनीची माणसं गोळा झाली, तो निघून गेला. नोटीस आली नाही.

त्या दिवशी भाच्याने एक वही घातली. तारीख, वेळ, कोण आलं, बक्कल नंबर, काय विचारलं, कागद दिला की नाही. आता कॉलनीत कोणाकडेही पोलीस आले की बाया आधी त्याला फोन करतात. अर्धी वही भरली आहे. मागच्या महिन्यात त्याने तिच्या पानांच्या झेरॉक्स काढून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला आहे: या सर्व वेळी, कोणत्या लेखी आदेशाने?